नळाचे पाणी उलट फिरू नये म्हणून

अमरावती व अकोला जिल्ह्यांच्या खारपाण पट्ट्यात विहिरींचे पाणी खारे. म्हणून वान, काटेपूर्णा यांसारख्या धरणांतून नळाने येणाऱ्या गोड्या पाण्यावर अनेक गावे विसंबून असतात. पुरवठा बंद असताना सखल भागातील घरात तोटी उघडी राहिली, की रिकामा होणारा नळ उंचावरील घरांतून पाणी मागे ओढतो. त्या वेळी कपाशीच्या फवारणीचे औषध कालवलेल्या पिंपात रबरी नळीचे तोंड बुडालेले असेल, तर ते विष नळात शिरून शेजाऱ्याच्या घागरीत उतरू शकते. नळाला थेट मोटार लावल्यानेही असेच शोषण होते.

यासाठी घराच्या जोडणीवर उलटझडप बसवावी; कारागीर तिला नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह म्हणतात. तिच्यावरील बाण घराकडे असावा. मुख्य कॉक व झडप यांच्यामध्ये एक लहान तोटी ठेवावी. वर्षातून एकदा, शक्यतो फवारणीच्या हंगामापूर्वी, मुख्य कॉक बंद करून ही तोटी आणि घरातील सर्वांत उंच तोटी उघडावी. थोडे पाणी गळून थांबल्यास झडप ठीक समजावी. धार चालूच राहिल्यास झडप खोलून रेती व क्षाराचा थर काढावा. रबर कडक झाले वा चिरले असल्यास ते बदलावे. बैठकच झिजली असल्यास नवी झडप घ्यावी. दुरुस्तीनंतर पुन्हा तपासणी करावी.

तथापि रेतीच्या एका कणानेही झडप उघडी राहते. म्हणून औषधाचे पिंप नळीने भरू नये, बादलीनेच भरावे. टाकीत पडणाऱ्या नळाचे तोंडही पाण्याच्या पातळीपासून नळाच्या व्यासाच्या निदान दुप्पट उंच असावे.