दात बघून बैल, रंग बघून गाडी

नेकनूरच्या बाजारात माझे वडील बैल घ्यायला जात, तेव्हा मी दहा-बारा वर्षांचा असेन. ते आधी लांब उभे राहून चाल बघत. मग जबडा उघडून दात मोजत, खांद्यावरून हात फिरवत, खूर उचलून बघत. रुमालाखाली बोटं धरून भाव ठरवायची वेळ सगळ्यात शेवटी यायची. त्यांच्याच मुलानं २०२३ च्या जानेवारीत जुनी गाडी घेतली आणि रुमाल सगळ्यात आधी काढला.

मी एसटीत कंडक्टर होतो, अठ्ठावीस वर्षं. मला खड्ड्यात घातलं ते या अठ्ठावीस वर्षांनीच. गल्लीत, नात्यात सगळ्यांची समजूत की याला गाड्यांमधलं कळतं. मला कळत होतं ते तिकीट, टप्पा आणि सुट्टे पैसे. बोनेट उघडायचं काम ड्रायव्हरचं, बिघाड डेपोतल्या मेकॅनिकचा, माझा हात डबल बेलपुरता. पण निवृत्तीनंतर कुणी "तुम्ही काय बुवा, एसटीतले" म्हटलं की मी नाही म्हणत नव्हतो.

गाडी हवी होती ती बायकोच्या गुडघ्यांसाठी. दर महिन्याला बीडहून अंबाजोगाईला दवाखान्यात जायचं, शिवाय लेक केजला दिलेली. बसची पायरी तिला चढवेना. बीडला तेव्हा रेल्वे नव्हती. ती १७ सप्टेंबर २०२५ ला आली, तीही अहिल्यानगरच्या बाजूनं, म्हणजे आमच्या कामाची नाहीच. निवृत्तीच्या पैशांतले पावणेदोन लाख बाजूला काढले आणि त्यात बसेल अशी छोटी पेट्रोल गाडी शोधायला लागलो.

शेजारच्या जिल्ह्यातल्या एका एजंटाकडे ती मिळाली. २०१२ चं मॉडेल, आठशे सीसी, पुणे पासिंग, काट्यावर एक्केचाळीस हजार किलोमीटर. कंपनीचं नाव सांगत नाही, कारण पुढं जे झालं त्यात कंपनीचा दोष नव्हता. मी पोचलो तेव्हा गाडी धुऊन, पुसून, सुरू करून ठेवलेली. एजंट म्हणाला, "मामा, तुम्ही एसटीतले. तुम्हाला काय सांगायचं?"

इथंच मी गार झालो. ज्याला सगळं कळतं त्यानं विचारायचं काय? सपाट रस्त्यावर एक फेरी मारली, एक लाख ऐंशीवरून एक लाख साठ हजारांवर सौदा तुटला, आणि मिस्त्रीला सोबत न्यायचे पाचशे रुपये वाचले म्हणून मनातल्या मनात खूशही झालो.

पाली मागं पडलं की मांजरसुंब्याचा घाट लागतो. एसटीत बसून तो किती वेळा चढलो याचा हिशेब नाही. गाडी घेतल्यावर पहिल्यांदाच अंबाजोगाईला निघालो होतो. अर्ध्या चढावर इंजिन नुसतं गुरगुरायला लागलं, वेग काही वाढेना. मग तापमानाचा काटा वर गेला आणि बोनेटच्या फटीतून वाफ. ऊस टाकून परत निघालेला एक ट्रॅक्टरवाला थांबला, दोरखंड बांधला आणि आम्हाला खाली ओढत आणलं. बायको रस्त्याच्या कडेला दगडावर बसली होती ती एवढंच म्हणाली, "बस बरी होती."

बीडच्या मिस्त्रीनं इंजिनाला हातही लावला नाही. पुढच्या सीटचा पट्टा धरला आणि पार शेवटपर्यंत ओढला. रोज लागतो तेवढा पट्टा स्वच्छ, पण आत गुंडाळलेल्या भागावर वाळलेल्या गाळाची सरळ रेघ. मग डिकीतली स्टेपनी उचलली, तर खाली खाचेत मातीचा थर. सीटच्या रुळांना तांबडा गंज. "काका, ह्या गाडीनं पूर बघितलाय," तो म्हणाला. काट्यावरच्या एक्केचाळीस हजारांना तो हसला. क्लचच्या पायपट्टीचं रबर झिजून गुळगुळीत, स्टिअरिंगची कातडी चकाकलेली. त्याच्या अंदाजानं लाखाच्या पुढं चालली होती.

२००५ च्या जुलैत मुंबई बुडाली, २०१९ च्या ऑगस्टमध्ये सांगली-कोल्हापूर. पाण्यात गेलेल्या गाड्या सगळ्याच मोडीत जात नाहीत. काही लिलावात निघतात, रंगरंगोटी होऊन जिथं त्यांना कुणी ओळखत नाही अशा गावच्या बाजारात उभ्या राहतात. माझी कुठून आली कोण जाणे. पण सीटचा पट्टा शेवटपर्यंत ओढायला दहा सेकंद लागतात आणि पैसे लागत नाहीत. आत नवं कव्हर, नवी मॅट आणि भरपूर सेंटचा वास असेल तर दोनदा ओढा.

दुरुस्तीचा हिशेब असा: इंजिनाच्या हेडचं काम साडेअठरा हजार, क्लच प्लेट सात हजार, बॅटरी तीन हजार आठशे, चार टायर तेरा हजार. टायर बाहेरून काळेभोर होते, काळं पॉलिश मारलेले. टायरच्या अंगावर चार आकडे कोरलेले असतात. पहिले दोन आठवड्याचे, शेवटचे दोन वर्षाचे. माझ्या टायरवर १६ होतं, म्हणजे सात वर्षांचं रबर. हे दात बघण्यासारखंच झालं, पण मी जबडा उघडलाच नव्हता.

इथपर्यंतचं नुकसान मी सोसलं असतं. लोखंड दुरुस्त होतं. मला खरं रडवलं ते कागदानं.

आपल्याकडं अर्धा एकर घ्यायचा तर माणूस सातबारा काढतो, जुने फेरफार चाळतो, बोजा आहे का बघतो, चुलतभावाची सही आहे का बघतो. गाडीलाही सातबारा असतो, त्याला आरसी म्हणतात, आणि त्याच्यावरही बोजा असतो. माझ्या आरसीवर पुण्यातल्या मूळ मालकाचं नाव होतं. एजंटानं त्याच्या सह्यांचे फॉर्म माझ्या हातात ठेवले आणि म्हणाला, "हे घेऊन आरटीओत जा, आठ दिवसांत नावावर." मी गेलो. खिडकीतल्या बाईंनी पडद्यावर बघून सांगितलं, गाडीवर कर्जाचा बोजा आहे.

कर्ज फिटलं होतं, पण बोजा कुणी उतरवला नव्हता. तो उतरवायला कर्ज देणाऱ्याचं ना हरकत पत्र आणि फॉर्म ३५ लागतो, त्यावर मालकाची आणि कर्ज देणाऱ्याची, दोघांची सही. कर्ज मालकाच्या नावावर. मला तिथं कोण विचारणार? मूळ मालकानं गाडी दुसऱ्याला दिली, दुसऱ्यानं एजंटाला, आणि मधल्या कुणीच नावावर करून घेतली नाही. मूळ मालकाला शोधून, त्याच्या पाया पडून, चार वेळा पुण्याला जाऊन कागद हातात पडायला पाच महिने गेले. एजंटानं फोन उचलणं तोवर कधीच सोडलं होतं. शिवाय गाडीवर साडेचार हजारांची ई-चलनं थकलेली, त्यातलं एकही माझं नव्हतं. तीही भरली. पुण्याच्या फेऱ्यांचे सहा हजार धरले तर एक लाख साठची गाडी मला दोन लाख बारा हजार आठशेला पडली.

त्या पाच महिन्यांत गाडी मी अंगणात उभी ठेवली. शेजारी म्हणाले, चालवा की, कोण बघतंय. पण एका ओळखीच्या वकिलांनी सर्वोच्च न्यायालयाचा निकाल सांगितला होता, ६ फेब्रुवारी २०१८ चा, नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार. त्यातली गाडीही अशीच हातोहात विकली गेलेली, नाव मात्र पहिल्याचंच. अपघात झाला तेव्हा भरपाईची जबाबदारी न्यायालयानं नोंदीत ज्याचं नाव होतं त्याच्यावर टाकली. मी चालवायचं आणि पुण्यातल्या त्या बिचाऱ्यानं भरायचं, हे मला पटेना. हे ऐकल्यावर मी घरी जाऊन आधी आठवलं की माझी जुनी मोटरसायकल धाकट्या साडूला दिली ती कुणाच्या नावावर आहे. माझ्याच! दुसऱ्या दिवशी तिची कागदपत्रं काढली. गाडी विकलेल्यांनो, हे वाचत असाल तर तुम्हीही उठा.

कायद्यात मुदती स्पष्ट आहेत. राज्यातल्या राज्यात गाडी विकली तर विकणाऱ्यानं चौदा दिवसांत कळवायचं, घेणाऱ्यानं तीस दिवसांत अर्ज करायचा. त्यासाठी फॉर्म २९ आणि ३०. विम्यावरही चौदा दिवसांत आपलं नाव चढवून घ्या. नाही चढवलं तर दुसऱ्याच्या नुकसानीची थर्ड पार्टी जबाबदारी पॉलिसी उचलते, पण तुमच्या गाडीच्या नुकसानीला विमा कंपनी हात वर करू शकते. जुन्या मालकाचा नो क्लेम बोनस त्याचा असतो, गाडीबरोबर येत नाही. "विमा स्वस्तात पडेल" म्हणणाऱ्याचं ऐकू नका. फास्टॅगही जुन्या मालकाचाच. तो बंद करून आपला लावायचा, नाही तर पाडळसिंगीच्या नाक्यावर तुमचा टोल त्याच्या खात्यातून जाईल आणि तुम्हाला त्याचा फोन येईल.

दिल्लीकडची स्वस्त गाडी असेल तर जरा जास्तच थांबा. तिकडं दहा वर्षांवरच्या डिझेल आणि पंधरा वर्षांवरच्या पेट्रोल गाड्यांवर बंदी आली, म्हणून त्या बाहेर कमी भावात निघायला लागल्या. पण परराज्यातली गाडी म्हणजे तिथल्या आरटीओची एनओसी, इथला रस्ता कर आणि एमएचचा नवा नंबर. हा खर्च मिळवला की स्वस्ताई उरत नाही.

वयाचंही गणित मी केलं नव्हतं. खाजगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची. २०१२ ची गाडी २०२३ मध्ये घेतली म्हणजे माझ्या वाट्याला चार वर्षं आली. पुढं तपासणी, पर्यावरण कर आणि पुनर्नोंदणीचे पाच हजार, हा दर एप्रिल २०२२ पासूनचा आहे. एप्रिल २०१९ च्या आधीच्या गाडीला नवी सुरक्षा नंबरप्लेट बसली आहे का, तेही बघून घ्या.

आता मला कुणी विचारलं तर सांगतो, पावणेदोन लाख असतील तर एक लाख तीस हजारांच्या वरची गाडी बघूच नका. उरलेले पंचेचाळीस हजार गाडीच खाते, पहिल्या सहा महिन्यांत. एम-परिवहन ॲपवर नंबर टाकला की विमा, पीयूसी, बोजा, कितवा मालक हे घरबसल्या दिसतं. माझ्या मोबाइलमध्ये ते ॲप होतं, मी त्यात फक्त माझं लायसन्स ठेवलं होतं. आरसीवरचा चेसिस नंबर गाडीवरच्या नंबराशी पडताळा. आणि बोजा असेल तर तो उतरेपर्यंत इसाराच्या पुढं एक रुपया देऊ नका, मालक कितीही सज्जन असो.

गेल्या दिवाळीनंतर केजच्या जावयाच्या भावाला गाडी घ्यायची होती. मिस्त्रीला घेऊन आम्ही सकाळी सात वाजता न सांगता गेलो. मी बोनेटवर हात ठेवला, गार होतं. इंजिन थंडच सुरू करायला लावलं आणि मागं धूर बघत उभा राहिलो. निळा धूर म्हणजे ऑइल जळतंय, एवढं मला आता कळतं. मिस्त्री सीटचा पट्टा ओढत होता. गाडीवाला हसत माझ्याजवळ आला.

"मामा, तुम्ही एसटीतले ना? मग तुम्हाला काय सांगायचं!"

"सगळंच सांगा," मी म्हणालो. "मी कंडक्टर होतो."