यंत्राची सोय आणि काही आडाखे

‘आडाखा’ हा शब्द आपल्या बुलढाणा जिल्ह्यात उच्चारला, की अक्षय्यतृतीयेची भेंडवळची घटमांडणी डोळ्यांपुढे येते. मला येथे सांगावयाचे आहेत ते आडाखे मात्र पीकपाण्याचे नव्हेत, यंत्रांचे आहेत.

एखादे यंत्र सामान्य माणसास वापरावयास सोपे आहे की नाही, हे पाहण्यासाठी दरवेळी पुष्कळ लोक जमवून परीक्षा घेणे परवडत नाही. म्हणून याकोब नील्सन व रॉल्फ मोलिच या डॅनिश अभ्यासकांनी १९९० साली एक स्वस्त पद्धत मांडली. तीन ते पाच जाणत्यांनी काही ठोकळ नियम हाती घेऊन यंत्र स्वतंत्रपणे तपासावे आणि मग नोंदी एकत्र कराव्यात. कारण एकट्याच्या नजरेतून बरेच दोष निसटतात. १९९४ साली नील्सन यांनी या नियमांची दहा कलमी यादी सिद्ध केली.

संगणकासाठी केलेले हे नियम मी मतदानयंत्रास लावून पाहिले. निरक्षर शेतमजूर आणि पदवीधर या दोघांनाही ते यंत्र आडोशामागे, एकट्यानेच हाताळावे लागते. त्याच्या रचनेत मुंबईच्या आय.आय.टी.मधील इंडस्ट्रियल डिझाइन सेंटरचा वाटा आहे, हे आपल्यापैकी थोड्यांनाच ठाऊक असेल.

यंत्राने आपली स्थिती सांगावी, हा पहिला नियम. निळे बटण दाबताच उमेदवारासमोर तांबडा दिवा लागतो, व्हीव्हीपॅटच्या काचेतून चिठ्ठी सात सेकंद दिसते आणि शिट्टीसारखा आवाज होतो. आठवावे लागू नये, ओळखता यावे, हा दुसरा. तो तर आपल्याकडे नील्सन यांच्या कितीतरी आधी, १९५१-५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीतच, चिन्हांच्या रूपाने पाळला गेला. चूक होऊच नये, हा आणखी एक. मतदान अधिकाऱ्याने पुन्हा मुभा दिल्याखेरीज दुसऱ्यांदा दाबलेले बटण वाया जाते.

परंतु केलेली कृती मागे घेता यावी, हा नियम येथे साफ मोडतो. बोट शेजारच्या बटणावर पडले, तर मत गेलेच ! हा दोष मानावा काय ? माझ्या मते नाही. मत फिरविण्याची सोय ठेवली, तर ते पक्के केव्हा झाले हा वाद उभा राहील. आडाखा म्हणजे कायदा नव्हे. तो शंका उपस्थित करतो, निकाल देत नाही.

खरी अडचण मला दुसरीकडे दिसते. एका युनिटवर सोळाच बटणे असतात. ‘नोटा’ धरून नावे त्याहून अधिक झाली, की दुसरे युनिट जोडावे लागते. यादीत मान्यताप्राप्त पक्ष आधी व अपक्ष शेवटी असल्याने, नेमके अपक्षच बहुधा त्या दुसऱ्या युनिटवर जातात. पहिल्यावर चिन्ह न सापडलेल्या म्हातारीने शेजारी पाहावे, हे तिला यंत्र सांगत नाही. मतदानापूर्वीच्या प्रात्यक्षिकात दोन युनिटे शेजारी मांडून दाखवावीत, असे मी सुचवीन.