गाईच्या पोटातील प्रथिनांचा कारखाना : शास्त्रज्ञ विर्तानेन यांचे संशोधन व त्यापासून घ्यावयाचा बोध

दुभत्या जनावरांच्या खाद्यातील सर्वांत महाग घटक कोणता, असे विचारल्यास बहुतेक शेतकरी पेंडीचेच नाव घेतील. पेंडीला ही किंमत येते ती तिच्यातील प्रथिनांमुळे. दुधात प्रथिने असतात, वासराची वाढ प्रथिनांवर होते, म्हणून गाई-म्हशींना ती मिळालीच पाहिजेत. हिरव्या चाऱ्यात ती स्वस्तात मिळतात. परंतु हिरवा चारा पावसाळ्यात मुबलक आणि उन्हाळ्यात दुर्मिळ, अशी आपल्याकडील बहुतेक कोरडवाहू भागांची स्थिती आहे. उन्हाळ्यात दावणीत कडबा, भाताचा पेंढा किंवा गव्हाचे काड एवढेच उरते. त्यांत प्रथिने इतकी अल्प असतात की केवळ त्यांवर दूध टिकत नाही.

या अडचणीवर युरियाचा उपाय पुष्कळांच्या कानांवर आलेला असतो. परंतु अर्धवट ऐकलेल्या माहितीवरून खताच्या पोत्यातील युरिया अंदाजाने आंबोणात मिसळल्यास जनावर काही तासांत दगावू शकते. एकाच पदार्थापासून एका गोठ्यात लाभ व दुसऱ्या गोठ्यात हानी का होते, हे गावपातळीवरील कार्यकर्त्यास नीट समजावून सांगता आले पाहिजे. त्यासाठी फिनलंडमधील शास्त्रज्ञ आर्तुरी इल्मारी विर्तानेन यांच्या संशोधनाचा परिचय फार उपयुक्त ठरतो. चारा टिकविणे व चाऱ्यातून दूध घडविणे या दोन प्रश्नांचा त्यांनी आयुष्यभर पाठपुरावा केला.

लोण्यापासून चाऱ्याकडे

विर्तानेन यांचा जन्म १८९५ साली हेलसिंकी येथे झाला. रसायनशास्त्रात १९१९ साली डॉक्टर ही पदवी मिळविल्यानंतर त्यांनी झुरिच व स्टॉकहोम येथे पुढील अध्ययन केले. त्यांत जंतुशास्त्राचा व सजीवांतील रासायनिक क्रिया घडविणाऱ्या विकरांचा अभ्यास अंतर्भूत होता. त्यानंतर वालिओ या दूध उत्पादकांच्या सहकारी संस्थांच्या मध्यवर्ती संघाच्या प्रयोगशाळेची धुरा त्यांच्याकडे आली. लोण्याची निर्यात हे या संघाचे प्रमुख कार्य होते. त्यामुळे विर्तानेन यांच्यापुढील पहिले प्रश्न गोठ्यातून व लोण्याच्या कारखान्यातूनच आले. लोण्याची आम्लता फॉस्फेटच्या क्षाराने कमी केल्यास ते अधिक काळ चांगले राहते, हे त्यांनी दाखवून दिले.

लोण्याचा प्रश्न त्यांना चाऱ्याकडे घेऊन गेला. फिनलंडमध्ये हिवाळा दीर्घ व कडक असतो. वर्षातील मोठा काळ गाईंना गोठ्यातच ठेवावे लागते. उन्हाळा अल्प आणि हवा दमट, त्यामुळे कापलेले गवत उन्हात वाळविणेही कठीण. हिरवा चारा खड्ड्यात दाबून ठेवण्याची पद्धत ज्ञात होती. परंतु क्लोव्हरसारखा प्रथिनयुक्त चारा अशा रीतीने ठेवला असता पुष्कळदा तो कुजत असे, त्यास दुर्गंधी येत असे व त्यातील प्रथिनांचा मोठा भाग वाया जात असे. त्यामुळे बाहेरून आणलेल्या पेंडीवर अवलंबून राहावे लागे. प्रश्न आपल्यासारखाच होता. केवळ आपल्याकडे जे उन्हाळ्यात घडते ते तिकडे हिवाळ्यात घडत असे.

आम्लाने राखलेला चारा

विर्तानेन यांनी प्रथम चारा नासतो तो का, याचा शोध घेतला. खड्ड्यात दाबलेल्या चाऱ्यात दोन प्रकारचा नाश होतो. एक, वनस्पतींच्या पेशींतील श्वसन व विकरांची क्रिया चालूच राहून शर्करा व प्रथिने खर्च होतात. दुसरा, अपायकारक जंतू वाढून प्रथिनांचे विघटन करतात व दुर्गंधी उत्पन्न करतात. मातीपरीक्षणामुळे शेतकऱ्यांना परिचित झालेला सामू येथेही उपयोगी पडतो. सामू जितका कमी तितकी आम्लता अधिक. चाऱ्याचा सामू त्वरेने ४ च्या खाली आणल्यास हे दोन्ही प्रकारचे नाश बहुतांशी थांबतात, असे विर्तानेन यांना आढळून आले.

त्याकरिता पातळ केलेले हायड्रोक्लोरिक व सल्फ्युरिक आम्ल चारा भरतानाच त्यावर शिंपडण्याची पद्धत त्यांनी १९२८-२९ च्या सुमारास सिद्ध केली. त्यांच्या नावाच्या आद्याक्षरांवरून ती ए. आय. व्ही. पद्धत म्हणून ओळखली जाऊ लागली. असा चारा खाणाऱ्या गाईंचे आरोग्य व दूध यांवर अनिष्ट परिणाम होत नाही, हे त्यांनी प्रयोगांनी पडताळून पाहिले. अशा चाऱ्यात कॅरोटीन टिकून राहत असल्याने हिवाळ्यातील दुधातही अ जीवनसत्त्वाचे प्रमाण चांगले राहते, हाही त्याचा लाभ होता. पुढे ही पद्धत इतर देशांतही गेली. १९३१ साली हेलसिंकी येथे स्थापन झालेल्या जीवरसायन संशोधन संस्थेचे ते संचालक झाले. शेतीविषयक व पोषणविषयक रसायनशास्त्रातील संशोधन, विशेषतः चारा टिकविण्याची ही पद्धत, याबद्दल त्यांना १९४५ सालचे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक देण्यात आले.

याच काळात त्यांनी शेंगवर्गीय पिकांच्या मुळांवरील गाठींचाही सखोल अभ्यास केला. हवेतील नत्र जमिनीत कसे येते, तेथून चाऱ्यात कसे जाते, चाऱ्यातून दुधात कसे उतरते, असा नत्राचा सलग प्रवास त्यांच्या दृष्टीसमोर होता. त्यांच्या पुढील संशोधनाचे बीज यातच आहे.

पोटातील जंतूंचे कार्य

गाय, म्हैस, शेळी व मेंढी ही रवंथ करणारी जनावरे आहेत. त्यांच्या पोटाचे चार कप्पे असतात. पहिल्या व सर्वांत मोठ्या कप्प्यात, ज्यास कोठीपोट म्हणतात, असंख्य सूक्ष्म जंतू वास करतात. चाऱ्यातील तंतुमय भाग गाय स्वतः पचवू शकत नाही. तो हे जंतू फोडतात. त्याचप्रमाणे खाद्यातील प्रथिनांचा मोठा भाग मोडून ते त्याचा अमोनिया करतात आणि या अमोनियापासून स्वतःच्या शरीरातील प्रथिने बनवितात. पुढे हे जंतूच चौथ्या कप्प्यात व आतड्यांत पचून गाईचे अन्न होतात. म्हणजे दावणीत आपण जे टाकतो त्याने प्रथम जंतूंचे पोषण होते व त्यांच्याद्वारे गाईचे.

जंतूंना अमोनिया मिळाला की झाले. तो पेंडीतून आला की युरियातून, याने त्यांचे कार्य अडत नाही. युरियात शेकडा ४६ भाग नत्र असते व प्रथिनांत सुमारे १६ भाग. या हिशेबाने एक किलो युरियातील नत्र पावणेतीन किलोहून अधिक प्रथिनांतील नत्राएवढे भरते. परंतु जंतूंना केवळ नत्र पुरत नाही. त्यापासून प्रथिने घडविण्यास पिष्ट, शर्करा व तंतू यांपासून मिळणारी ऊर्जा त्याच वेळी हवी असते. विटा आल्या पण गवंड्याच्या हाती चुना-माती नसेल तर भिंत उभी राहत नाही, तशीच ही गोष्ट आहे.

प्रथिनाविना दूध

युरियाचा जंतू उपयोग करतात हे ज्ञात होते. परंतु सर्वच प्रथिने काढून घेतली तरी गाय दूध देईल काय, हा प्रश्न अनुत्तरित होता. विर्तानेन यांनी प्रथम खुणेच्या जड नत्राने युक्त असा अमोनियाचा क्षार गाईस खाऊ घातला. ते नत्र दुधातील प्रथिनांत उतरलेले आढळले. १९५० नंतरच्या दशकाच्या अखेरीपासून त्यांनी याहून कठीण प्रयोग हाती घेतला. गाईंना पिष्ट, शर्करा, शुद्ध केलेला तंतुमय पदार्थ, थोडे वनस्पती तेल, खनिजे व जीवनसत्त्वे दिली. नत्रासाठी केवळ युरिया व अमोनियाचे क्षार ठेवले. गाईंना या आहाराची सवय हळूहळू लावण्यात आली.

या संशोधनाचा वृत्तांत १९६६ साली 'सायन्स' या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. अशा आहारावर चांगल्या गाईंनी वर्षाला ४,००० किलोग्रॅमहून अधिक, म्हणजे वर्षभराच्या सरासरीने दररोज सुमारे ११ किलोग्रॅम दूध दिले. आणि दुधातील प्रथिनांची घडण नेहमीच्या दुधासारखीच होती. गाईच्या पोटातील जंतू साध्या नत्रापासून दुधास लागणारी प्रथिने घडवू शकतात, हे यामुळे निःसंशय सिद्ध झाले. विर्तानेन १९७३ साली निधन पावले.

आपण काय घ्यावे

आपल्याकडील मका व ज्वारी यांत शर्करा पुरेशी असल्याने बंदिस्त खड्ड्यात उपकारक जंतू स्वतःच आम्ल तयार करतात व सामू खाली येतो. म्हणून मुरघासासाठी बाहेरून आम्ल घालण्याची गरज नाही. तत्त्व मात्र तेच आहे : हवा घालवावी व आम्लता त्वरेने वाढू द्यावी. मका दाणा चिकात असताना व ज्वारी फुलोऱ्यात आल्यावर कापावी. एक ते दोन इंचांचे तुकडे करून चारा थराथराने भरावा, चांगला तुडवावा व प्लॅस्टिकच्या कागदाने हवाबंद करावा. सुमारे ४५ दिवसांनी तो वापरण्यास योग्य होतो. लसूणघास व चवळी यांत प्रथिने अधिक पण शर्करा कमी, म्हणून त्या एकट्या भरू नयेत. मक्यात मिसळून भराव्यात किंवा मळी घालावी.

पेंढा किंवा काड यांवर युरियाची प्रक्रिया ही पद्धत विर्तानेन यांची नव्हे. परंतु जंतूंना साधे नत्र पुरविण्याचे तत्त्व तिच्यातही आहे. १०० किलो वाळलेल्या चाऱ्यास ४ किलो युरिया ५० ते ६० लिटर पाण्यात पूर्ण विरघळवून, थराथरावर सारखा शिंपडावा व दाबून २१ दिवस हवाबंद ठेवावा. निर्माण होणाऱ्या अमोनियाने चाऱ्याचा कठीण भाग सैल होतो व प्रथिनांचे मान सुमारे ३-४ टक्क्यांवरून ७-८ टक्क्यांपर्यंत जाते. देण्यापूर्वी चारा मोकळा पसरून उग्र वास जाऊ द्यावा व प्रारंभी थोडाथोडा द्यावा.

हे कटाक्षाने टाळावे

युरियापासून अमोनिया फार जलद सुटतो. जंतूंना वापरता येईल त्याहून अधिक झाला की तो रक्तात जातो. यकृत त्याचे पुन्हा युरियात रूपांतर करते. परंतु यकृताची शक्ती संपली की विषबाधा होते. म्हणून :

१. युरिया पाण्यात विरघळवून कधीही पाजू नये. युरियाचे पाणी व रिकामी पोती जनावरांच्या तोंडी लागतील अशी ठेवू नयेत.

२. खताचा युरिया अंदाजाने आंबोणात मिसळू नये. खडे राहिल्यास एकाच घासात मारक मात्रा पोटात जाते.

३. सहा महिन्यांखालील वासरांना युरियायुक्त खाद्य देऊ नये. त्यांचे कोठीपोट पूर्ण विकसित झालेले नसते.

४. उपाशी, आजारी व अशक्त जनावरांना असे खाद्य देऊ नये.

५. लाळ गळणे, अंग थरथरणे, श्वास जलद होणे, पोट फुगणे ही लक्षणे दिसताच ते खाद्य बंद करून पशुवैद्यकास तत्काळ बोलवावे. येथे घटका-घटकेला महत्त्व असते.

विर्तानेन यांच्या गाई मोजलेल्या आहारावर, क्रमाक्रमाने सवय लावून व सतत देखरेखीखाली ठेवलेल्या होत्या. त्यांचे यश त्या मोजमापाचे व धीराचे आहे. गोठ्यात युरिया आणताना काटा, पाण्याचे माप व २१ दिवसांची वाट पाहणे हेही सोबत आणले पाहिजे. कार्यकर्त्यांनी पहिली प्रक्रिया शेतकऱ्यांसमक्ष, त्यांच्याच हातांनी करवून घ्यावी. असे केल्यास उन्हाळ्यात पेंडीवरील खर्चाचा भार हलका होईल व दावणीतील जनावरही सुरक्षित राहील.