घराण्याचा इतिहास

इतिहास राजेरजवाड्यांचाच असतो, असा पुष्कळांचा समज आहे. परंतु प्रत्येक घरालाही इतिहास असतो. नाशिक, त्र्यंबकेश्वर येथील तीर्थोपाध्यायांच्या वह्यांत यात्रेकरूंच्या पूर्वजांची नावे पिढ्यान्‌पिढ्या नोंदलेली आढळतात. घरच्या पेटीतही जुनी खरेदीखते व पत्रे निघतात. ती बहुधा मोडी लिपीत असल्यामुळे जाणकार वाचक शोधावा लागतो. कागदावर शके १७८० असेल, तर त्यात ७८ मिळवावे, म्हणजे इसवी सन १८५८ येतो. तिथी माघ अथवा फाल्गुनातील असल्यास मात्र ७९ मिळवावे.

तथापि कागद सर्वच सांगत नाहीत. वंशावळीत बहुधा पुरुषांचीच नावे असतात. विवाहानंतर नाव बदलण्याच्या चालीमुळे पणजीचे माहेरचे नाव पुष्कळदा कोठेच सापडत नाही. ते घरातील एखाद्या वृद्ध आत्याबाईंनाच ठाऊक असते. त्यांच्यामागे ते सांगणारे कोणी उरत नाही. म्हणून पेटी उघडण्यापूर्वी आत्याबाईंकडे जावे. त्यांना सालांची आठवण नसली, तरी ‘धाकटा कोयनेच्या भूकंपानंतर आठ दिवसांनी झाला’ असे त्या सहज सांगतात. तो भूकंप ११ डिसेंबर १९६७ रोजी झाला. त्यावरून धाकट्याची जन्मतारीख काढता येते.