खुराडे विकतचे की घरचे?

अहमदपुराकडील आमच्या कित्येक वाचकांस प्लास्टिकच्या तयार खुराड्याचा मोह पडतो. तो अगदीच अकारण नव्हे. ते धुण्यास सोपे, आणि रात्री कोंबड्यांचे रक्त शोषणाऱ्या तांबड्या किड्यांस त्यात दडावयास फटी थोड्या. परंतु वैशाखात पारा 40 अंशांपलीकडे चढला म्हणजे उन्हातील ती पेटी भट्टी होते. कोंबडीस घाम येत नाही. ती धापा टाकूनच अंग निववते, व कोंडलेल्या हवेत मरते.

ज्या घरची मीठमिरची अंड्यांच्या पैशावर येते, त्यांनी तुराट्यांचा कूड शेणमातीने लिंपून सावलीत खुराडे करावे. वर हातभर बारीक जाळी लावावी. मुंगूस उकरून शिरते, म्हणून तळाशी दगड बसवावेत. भेगा पडतातच, त्या वरचेवर बुजवून चुना द्यावा. वाचलेल्या पैशांतून मानमोडीची लस आधी टोचून घ्यावी.