दारापुढचे सांडपाणी, शेवगा आणि आपले रक्त



परसबाग म्हटले की बंगल्यामागची हिरवळ आणि रांगेने मांडलेल्या कुंड्या डोळ्यांपुढे येतात. आपल्या वस्तीत घरामागे दुसऱ्याची भिंत असते. दारापुढे चार हात जागा. त्यातच मोरी, पाण्याचे पिंप, मोटारसायकल आणि धुणे वाळत घालायची दोरी. मग बाग करायची कुठे? असे विचारणाऱ्या बाईला मी उलट विचारते, "ताई, तुमच्या न्हाणीचे पाणी कुठे जाते?" आपली बाग तिथूनच सुरू होते.

आरोग्याच्या पानावर बागेचे काय काम, असे कुणाला वाटेल. काम आहे. दारापुढे साचलेले पाणी आणि घरातल्या बाईच्या अंगातले कमी रक्त, ही वस्तीतली दोन जुनी दुखणी आहेत. चार हात जागेत दोन्हींवर थोडा थोडा इलाज करता येतो. थोडा म्हणते, कारण बाग म्हणजे दवाखाना नव्हे. ते पुढे सांगतेच.

रक्ताचा हिशोब

2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या 15 ते 49 वयाच्या 54 टक्के बायकांच्या अंगात रक्त कमी आढळले. सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलांत हे प्रमाण 69 टक्क्यांच्या घरात होते. रक्त कमी म्हणजे हिमोग्लोबिन कमी. गरोदर नसलेल्या बाईचे ते 12 च्या खाली आणि गरोदर बाईचे 11 च्या खाली असेल तर तो पंडुरोग समजावा. जिना चढताना धाप लागणे, डोळ्यांपुढे अंधारी येणे, सकाळी उठतानाच थकलेले असणे, याला आपण "कामाचा शीण" म्हणतो आणि विसरून जातो.

प्रौढ बाईला दिवसाला साधारण 29 मिलीग्रॅम लोह लागते. शेवग्याच्या 100 ग्रॅम पाल्यात सुमारे साडेचार मिलीग्रॅम लोह असते, पालकात सुमारे तीन. त्यातलेही सगळे अंगी लागत नाही. म्हणून कुणी "शेवगा खा, गोळी नको" म्हणाले तर ऐकू नका. ज्याचे रक्त कमी आहे त्याला लोहाची गोळी लागतेच. गरोदरपणात 180 दिवस आणि बाळंतपणानंतर 180 दिवस रोज एक गोळी सरकारी दवाखान्यात फुकट मिळते. शौचाला काळे होते म्हणून ती बंद करू नका, तसे होणे नेहमीचे आहे.

मग पाल्याचा उपयोग काय? गोळी संपल्यावर रक्त पुन्हा उतरू नये म्हणून रोजचे जेवण बळकट हवे. शेवग्याच्या पाल्यात लोहाबरोबर कॅल्शियम, क जीवनसत्त्व आणि डोळ्यांना लागणारे अ जीवनसत्त्वही असते. शिवाय बाजारात भाजी महागली की पहिली कात्री पालेभाजीला लागते आणि पातेल्यात उरलेली भाजी खायची पाळी घरात शेवटी बाईची येते. दारातला पाला भावावर अवलंबून राहत नाही.

दोन सवयी मात्र लावून घ्या. पालेभाजी किंवा वरण ताटात वाढल्यावर वरून लिंबू पिळा, लोह जास्त अंगी लागते. आणि जेवणाबरोबर किंवा गोळीबरोबर चहा घेऊ नका, मध्ये किमान एक तास जाऊ द्या. चहा लोहाला अडवतो.

दोन पाण्यांचे दोन डास

आपल्या शहराचे पाणी पैठणच्या नाथसागरातून येते, पण वस्तीतल्या नळाला ते रोज येत नाही. वर्षानुवर्षे आपण चार-चार, आठ-आठ दिवसांचे पाणी पिंपात, हौदात, हंड्यात भरून ठेवत आलो. डेंग्यूचा डास नेमका याच स्वच्छ, साठवलेल्या पाण्यात अंडी घालतो. अंड्यापासून उडणारा डास व्हायला साधारण सात ते दहा दिवस लागतात. गटाराच्या घाण पाण्यात होतो तो दुसरा डास, क्यूलेक्स. तो रात्री झोपू देत नाही आणि हत्तीरोग पसरवतो. डेंग्यूचा डास दिवसा चावतो आणि फार लांब उडत नाही. म्हणजे तो आपल्याच गल्लीत, आपल्याच भांड्यात जन्मलेला असतो.

हे इथे सांगायचे कारण असे की चुकीची बाग केली तर डास वाढतात. कुंडीखालची ताटली, झाडासाठी ठेवलेले टायर, मनी प्लांटची बाटली, झाडाला घालायला म्हणून भरून ठेवलेला डबा, ही सगळी डेंग्यूच्या डासाची घरे आहेत. तेव्हा नियम सोपा ठेवा. बागेत पाणी फक्त मातीत असावे, भांड्यात नको. ताटल्या काढून टाका. टायरात झाड लावायचेच असेल तर खालच्या बाजूला चार-पाच मोठी भोके पाडा आणि तो मातीने काठोकाठ भरा. आठवड्यातला एक दिवस कोरडा पाळा. पिंप, हंडे रिकामे करून आतून घासा. नुसते पाणी ओतून भागत नाही, कारण अंडी भांड्याच्या कडेला चिकटतात आणि कोरड्यातही कित्येक महिने तग धरतात. रिकामे करता न येणाऱ्या हौदावर कापड घट्ट बांधा.

न्हाणीचे पाणी वाटेला लावा

पाच माणसांच्या घरात प्रत्येकाची एक बादली धरली तरी अंघोळीचे 75 ते 100 लिटर पाणी रोज वाहून जाते. चार फूट बाय सहा फुटांच्या वाफ्याला दिवसाला एखादी बादली पुरते. म्हणजे बागेसाठी नळाचे पाणी मागायची गरजच नाही.

आधी जमिनीचा ढाळ पाहा. दारात एक तांब्या पाणी ओता आणि ते कुठे जाते ते बघत उभे राहा. भिंतीकडे जात असेल तर तिथे मुरूम टाकून ठोकून घ्या आणि उतार बाहेर काढा. भिंतीच्या पायाला मुरलेले पाणी ओल आणते आणि ओलीच्या खोलीत लहान मुलांचा खोकला हटत नाही. ढाळाच्या शेवटी, भिंतीपासून शक्य तितक्या लांब, दोन-तीन फूट खोल आणि तितकाच रुंद खड्डा घ्या. तळाला विटांचे तुकडे आणि दगड घाला, वर माती आणि शेणखत, आणि त्यात केळीचा एक कंद लावा. कडेला अळू. दोघांनाही पाणी भरपूर लागते. सतत ओल असली तरी पाणी वर साचलेले दिसता कामा नये. साचत असेल तर दगड वाढवा किंवा पाणी दोन ठिकाणी विभागा.

नांदेड जिल्ह्यात हिमायतनगर तालुक्यातल्या टेंभुर्णी गावाने घरोघरी असे शोषखड्डे घेतले आणि सांडपाणी उघड्यावर वाहणे थांबवले. गावातले डास हटले. पुढे जिल्हा परिषदेने तोच प्रकार जिल्हाभर नेला आणि तो "नांदेड पॅटर्न" म्हणून ओळखला जाऊ लागला. मराठवाड्यातल्या साध्या गावाने हे केले, हे लक्षात ठेवा. त्यांनी ते एका घरापुरते न ठेवता सगळ्या गावाने मिळून केले, हेही.

मोठा शोषखड्डा घ्यायचा तर तीन गोष्टी सांभाळा. काळ्या मातीत पाणी मुरत नाही, मुरूम लागेपर्यंत खणावे लागते. विहीर किंवा बोअरपासून किमान 50 फूट अंतर ठेवा. आणि संडासाचे पाणी त्यात कधीही सोडू नका. जिथे घराला घर चिकटून आहे तिथे एकट्याने खणू नका. खालून नळाची पाइपलाइन जात असते. चार घरांनी मिळून जागा ठरवा.

कोणते पाणी कशाला, तेही ठरलेले असावे. तांदूळ, डाळ, भाजी धुतलेले पाणी सगळ्या झाडांना चालते. अंघोळीचे पाणी शेवगा, केळी, पपई, अळू, वेल यांच्या बुडाशी घाला. कोथिंबीर, पुदिना, मेथी यांना ते घालू नका. कपडे धुतलेल्या पावडरचे पाणी रोज घातले तर माती दगडासारखी होते, ते टाळा. सांडपाणी बादलीत साठवून ठेवू नका, त्याच दिवशी मातीत गेले पाहिजे.

चार हात जागेत काय लावायचे

शेवगा: जून महिन्यात मनगटाएवढी जाड, तीन-चार फुटांची फांदी एक फूट खोल रोवा किंवा बी लावा. झाड डोक्याएवढे झाले की शेंडा छाटा, म्हणजे ते पसरते आणि पाला हाताला येतो. फांद्या ठिसूळ असतात, म्हणून विजेच्या तारेखाली आणि पत्र्यालगत लावू नका. गल्लीत एक झाड असले तरी चार घरांना पाला पुरतो.

वेल: दोडका, गिलके, वाल, दुधी भोपळा. पत्र्याचे घर उन्हाळ्यात भट्टीसारखे तापते. पत्र्याच्या वर वीतभर अंतरावर बांबू किंवा तुराट्यांचा मांडव करून त्यावर वेल चढवा. वेल थेट पत्र्यावर टाकला तर पाने करपतात. मांडवावरचा वेल पत्र्याला सावली देतो, खाली बाळंतीण किंवा म्हातारे माणूस असेल तर तिला तेवढाच गारवा मिळतो.

पालेभाजी: पावसाळा सरला की सप्टेंबर-ऑक्टोबरात मेथी, पालक, कोथिंबीर, चुका. उन्हाळ्यात तांदुळजा आणि घोळ, अर्धवट सावलीत. या भाज्या महिन्याभरात कापणीला येतात आणि तांदुळजा खुडला की पुन्हा फुटतो.

ज्यांच्या दारात मातीच नाही किंवा ज्यांचे घर भाड्याचे आहे, त्यांनी धान्याच्या रिकाम्या गोणीत लावावे. घर कधी उठवतील याची भीती असलेल्या वस्तीत लोक झाड लावायला कचरतात, ते साहजिक आहे. गोणी उचलून नेता येते. एक भाग माती, एक भाग शेणखत किंवा बकऱ्यांचे लेंडीखत, एक भाग सुका पाला आणि भुसा, असे भरा. बुडाला भोके हवीतच. रंगाचे डबे, बॅटरीची खोकी, कीटकनाशकाचे कॅन मात्र वापरू नका, त्यातले विष भाजीत उतरते. नाल्याकाठची, भंगाराच्या दुकानाजवळची मातीही आणू नका.

माती उघडी ठेवू नका. सुका पाला, गवत, उसाची चिपाडे पसरली की पाणी कमी लागते. कुंभाराकडची साधी मडकी मानेपर्यंत पुरून पाणी भरले तर ते पाझरत मुळांना मिळते. पण तोंडावर झाकण ठेवा, नाहीतर तिथेही डासाचे घर होईल.

बियाणे गावठी घ्या आणि पुढच्या वर्षाचे स्वतः ठेवा. नगर जिल्ह्यातल्या अकोले तालुक्यातील कोंभाळणे गावच्या राहीबाई पोपेरे शाळेत गेल्या नव्हत्या. त्यांनी घराघरातून गावठी वाण गोळा करून बियाण्यांची बँक उभी केली आणि 2020 साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली. दोडक्याचे, वालाचे एक फळ वेलावरच पूर्ण वाळू द्या, बी काढून राखेत घोळून कोरड्या डब्यात ठेवा. शेजारणीला मूठभर द्या.

मातीत हात घालताना

अनवाणी पायांनी ओल्या मातीत उभे राहू नका. अंकुशकृमी नावाचा जंत पायाच्या कातडीतून आत शिरतो आणि आतड्यात बसून रक्त पितो. रक्त वाढावे म्हणून बाग करायची आणि जंत लावून घ्यायचे, असे होऊ नये. चप्पल घाला, नंतर साबणाने हात धुवा. शाळेत आणि अंगणवाडीत जंतनाशक गोळी देतात त्या दिवशी मुलांना घरी ठेवू नका. गरोदर बाईने ती डॉक्टरांना विचारूनच घ्यावी. गंजलेला पत्रा लागला तर जखम साबण-पाण्याने धुवा आणि त्याच दिवशी दवाखान्यात जाऊन धनुर्वाताचे इंजेक्शन घ्या.

पावसाळ्यात ताप आला तर फक्त पॅरासिटामॉल द्या. ॲस्पिरिन, आयब्युप्रोफेन देऊ नका, डेंग्यू असेल तर रक्तस्राव वाढतो. ताप उतरताना पोटात जोरात दुखणे, सारख्या उलट्या, हिरड्यांतून रक्त, अंग गार पडून सुस्ती, यांपैकी काहीही दिसले तर ताबडतोब दवाखाना गाठा. ताप उतरला म्हणून निर्धास्त होऊ नका.

शेवटी एक गल्लीचे सांगते. बाग वाढली तरी वाट मोकळी राहिली पाहिजे. रात्री बाळंतीण न्यायची वेळ आली तर रिक्षा आत यायला हवी. म्हणून गोणी भिंतीला लावून ठेवा, मांडव माणसाच्या डोक्यावर घ्या.

येत्या रविवारी इतकेच करा. सकाळी घरातली सगळी भांडी घासून कोरडी करा. दारात तांब्याभर पाणी ओतून ढाळ पाहा. एक गोणी भरून तिच्यात त्या हंगामाची पालेभाजी पेरा. आणि जवळच्या सरकारी दवाखान्यात जाऊन स्वतःचे हिमोग्लोबिन तपासून घ्या. तो आकडा आणि तारीख घरातल्या कॅलेंडरवर लिहून ठेवा. तीन महिन्यांनी पुन्हा तपासायचे आहे.

जयभीम.