राहिलेला विषय आणि परिचर्येचे शिक्षण

बारावीच्या निकालानंतरच्या आठवड्यात बालरोगतज्ज्ञाकडे येणाऱ्यांत तापाने फणफणलेली मुलेच असतात असे नाही. ज्यांना आपण लसी टोचल्या, ज्यांच्या वजनाच्या नोंदी ठेवल्या, ती मुले आता सतरा-अठरा वर्षांची झालेली असतात आणि त्यांचे पालक वेगळाच प्रश्न घेऊन येतात. बेळगाव परिसरात गेली पंचवीसएक वर्षे व्यवसाय करताना मी ऐकत आलेला एक प्रश्न असा : "डॉक्टर, मुलीला नर्सिंगला घालायचे होते, पण रसायनशास्त्र राहिले. आता काय करावे?" बहुतेक वेळा या प्रश्नामागे घरात आधीच ठरत आलेले उत्तर असते. सायन्स सोडावे, कुठेतरी नोकरीला लावावे, नाहीतर स्थळे पाहावीत. या उत्तराला पर्याय आहे आणि तो नीट समजून घेण्याजोगा आहे, म्हणून हा लेख.

नियम काय सांगतो?

भारतीय परिचर्या परिषदेच्या नियमानुसार बी.एस्सी. नर्सिंगसाठी बारावीला भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, जीवशास्त्र आणि इंग्रजी हे विषय हवेत. पहिल्या तीन विषयांत मिळून किमान ४५ टक्के गुण लागतात; अनुसूचित जाती-जमातींसाठी ही मर्यादा ४० टक्के आहे. इंग्रजीत स्वतंत्रपणे उत्तीर्ण व्हावे लागते. प्रवेशाच्या वर्षी ३१ डिसेंबरपर्यंत वयाची सतरा वर्षे पूर्ण असावी लागतात. प्रवेशपरीक्षेचे नियम मात्र राज्यागणिक वेगळे असतात, ते त्या त्या वर्षी पाहून घ्यावेत.

यातला बारकावा पालकांच्या लक्षात येत नाही. समजा, एखादीला भौतिकशास्त्रात ४२ आणि जीवशास्त्रात ५० गुण आहेत. राहिलेल्या रसायनशास्त्रात तिने दुसऱ्या खेपेस ३५ गुण मिळवले, तर ती बारावी उत्तीर्ण होईल. पण तीनशेपैकी तिची बेरीज १२७ होते आणि प्रवेशासाठी १३५ हवेत. म्हणजे तिचे खरे लक्ष्य रसायनशास्त्रात ४३ गुणांचे आहे. अभ्यासाला बसण्यापूर्वी ही बेरीज प्रत्येकाने कागदावर मांडावी. 'कसेबसे निघाले' एवढ्यावर समाधान मानणाऱ्या कित्येक मुली प्रवेशाच्या वेळी अडतात, त्या इथेच.

पुन्हा बसण्याच्या वाटा

कर्नाटकात २०२४ पासून पी.यू.सी. द्वितीय वर्षाच्या एकाच वर्षात तीन परीक्षा होऊ लागल्या आणि त्यांतील उत्तम गुण ग्राह्य धरले जाऊ लागले. निकालानंतर थोड्याच दिवसांत दुसरी आणि जूनच्या सुमारास तिसरी, असा तेव्हा साधारण क्रम होता; परीक्षांची संख्या आणि तारखा त्या त्या वर्षी पाहून घ्याव्यात. ज्या मुलीचा विषय चार-पाच गुणांनी गेला, तिने दुसरी परीक्षा अवश्य द्यावी. जिला मुळातच विषय उमगलेला नाही, तिने घाई न करता शांतपणे अभ्यास करावा, किंवा सरळ एक वर्ष घ्यावे. वयाच्या अठराव्या वर्षी एक वर्ष थांबल्याने आयुष्य थांबत नाही.

दुसरी वाट राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेची. तिथे एका नोंदणीवर पाच वर्षांत नऊ संधी मिळतात आणि पूर्वी उत्तीर्ण केलेल्या जास्तीत जास्त दोन विषयांचे गुण जोडून घेता येतात. परिचर्या परिषदेला ही बारावी मान्य आहे. तरीही ज्या महाविद्यालयात जायचे, तेथून गुणपत्रिकांविषयी आधी लेखी खात्री करून घ्यावी. "घरबसल्या बारावी, उत्तीर्ण होण्याची हमी" अशा जाहिराती करणाऱ्यांपासून मात्र चार हात दूर राहावे. बनावट मंडळाची गुणपत्रिका प्रवेशाच्या वेळी खपली तरी नोंदणीच्या वेळी उघडी पडते, आणि मग चार वर्षांचे शिक्षण पाण्यात जाते.

आधी निदान, मग उपचार

वजन न वाढणारे मूल समोर आले की आपण लगेच टॉनिक लिहून देत नाही. ते खाते किती, जंतुसंसर्ग आहे का, हृदयाचा दोष आहे का, हे पाहतो. राहिलेल्या विषयाचेही तसेच आहे. तीच शिकवणी, त्याच नोट्स आणि तेच पाठांतर पुन्हा एकदा केले, तर निकालही बहुधा तोच लागतो. म्हणून उत्तरपत्रिकेची प्रत मागवावी आणि गुण कुठे गेले ते एखाद्या शिक्षकासमवेत पाहावे. माझ्या पाहण्यात तीन कारणे वारंवार येतात.

पहिले कारण माध्यमाचे. आपल्या सीमाभागातील मूल दहावीपर्यंत मराठीतून शिकते आणि अकरावी सायन्सला एकदम इंग्रजीत जाऊन पडते. आम्लारी, संयुजा, क्षपण, द्रावण हे शब्द तिला चांगले ठाऊक असतात. पण बेस, व्हॅलन्सी, रिडक्शन, सोल्यूशन म्हणजे तेच, हे तिला कोणी बसवून सांगितलेले नसते. अशा मुलीला रसायनशास्त्र येत नाही असे म्हणणे अन्यायाचे आहे. उपाय साधा आहे. दोनशे पृष्ठांची एक वही घ्यावी, डावीकडे मराठी शब्द, उजवीकडे इंग्रजी, खाली स्वतःच्या भाषेत दोन ओळींचा अर्थ. रोज दहा शब्द धरले तरी दीड-दोन महिन्यांत पुस्तकातील बहुतेक शब्द ओळखीचे होतात.

दुसरे कारण गणिताचे. मोल, सांद्रता, द्रावणे या प्रकरणांत अडलेल्या मुलांना पुष्कळदा त्रैराशिक, गुणोत्तर आणि दशांश अपूर्णांक येत नसतात. त्यांनी संकोच न बाळगता सातवी-आठवीचे गणिताचे पुस्तक पुन्हा उघडावे.

तिसरे कारण आपल्या शास्त्रातले. मासिक पाळीच्या अतिस्रावाने झालेला रक्तक्षय, न ओळखलेला दृष्टिदोष, झोप उडवणारे नैराश्य, घरातील आजारपण; यांपैकी काही आहे का, हे डॉक्टरने विचारलेच पाहिजे. नापास झालेल्या मुलीचे हिमोग्लोबिन तपासावे, आणि तिच्याशी आईवडिलांना बाहेर बसवून दहा मिनिटे बोलावे. निकालानंतरच्या दिवसांत जिवाचे बरेवाईट करून घेण्याचे विचार मनात येऊ शकतात. तसे विचार येतात का, हे स्पष्ट विचारण्यात कोणताही धोका नाही. न विचारण्यात मात्र आहे.

हा विषय पुढे भेटतोच

"नर्सला कशाला हवे एवढे रसायनशास्त्र?" असे पालक विचारतात. त्याचे उत्तर खाटेजवळ मिळते.

आठ किलो वजनाच्या बाळाला पॅरासिटामॉल किलोमागे १५ मिलिग्रॅम द्यायचे, तर एका वेळी १२० मिलिग्रॅम झाले. पाच मिलिलिटरमध्ये १२० मिलिग्रॅम असलेल्या सिरपचे ते बरोबर पाच मिलिलिटर. पण बाजारात पाच मिलिलिटरमध्ये २५० मिलिग्रॅम असलेले सिरपही मिळते, आणि एका मिलिलिटरमध्येच १०० मिलिग्रॅम असलेले थेंबही. त्या थेंबांचे पाच मिलिलिटर दिले, तर बाळाच्या पोटात ५०० मिलिग्रॅम, म्हणजे चौपटीहून अधिक औषध जाते.

दुसरे उदाहरण याहून गंभीर. १५ टक्के पोटॅशियम क्लोराइडच्या एका मिलिलिटरमध्ये १५० मिलिग्रॅम क्षार असतो. त्याचे रेणुवस्तुमान सुमारे ७४.५, म्हणजे एका मिलिलिटरमध्ये जवळजवळ दोन मिलिइक्विव्हॅलंट पोटॅशियम झाले. ५०० मिलिलिटरच्या बाटलीत लिटरला २० मिलिइक्विव्हॅलंट हे प्रमाण हवे असेल, तर त्यातून पाच मिलिलिटर घालायचे आणि नीट मिसळायचे. हेच औषध पातळ न करता शिरेतून गेले, तर हृदय बंद पडू शकते. बारावीला नकोसे झालेले मोलचे प्रकरण ते हेच.

अभ्यासक्रमही हेच सांगतो. बी.एस्सी. नर्सिंगच्या सत्रपद्धतीत पहिल्या सत्रात शरीररचना व शरीरक्रिया, दुसऱ्यात जीवरसायन व आहारशास्त्र, तिसऱ्यात सूक्ष्मजीवशास्त्र व औषधशास्त्र येते. शिवाय बारावीला तिशी-पस्तिशीतल्या गुणांवर निभावते, तर तिथे मुख्य विषयांत लेखी व प्रात्यक्षिक या दोहोंत स्वतंत्रपणे ५० टक्के मिळवावे लागतात. म्हणून राहिलेला विषय पुन्हा शिकण्यात गेलेले महिने वाया जात नाहीत. पहिल्या दीड वर्षाची ती पूर्वतयारीच ठरते.

जिला बारावी निघूनही ४५ टक्के गाठता येत नाहीत, तिच्यासाठी तीन वर्षांचा जी.एन.एम. अभ्यासक्रम आहे. त्याला कोणत्याही शाखेची बारावी, इंग्रजी विषय आणि ४० टक्के गुण चालतात. पुढे दोन वर्षांच्या पोस्ट बेसिक अभ्यासक्रमाने पदवीही मिळवता येते. वाट थोडी लांबची, पण पक्की.

आपल्या व्यवसायबंधूंसाठी

आता थोडे आपल्याविषयी. आपल्या शहरांतील आणि तालुक्यांतील लहान रुग्णालयांत बारावी राहिलेल्या मुली मदतनीस म्हणून येतात. त्या चुणचुणीत असतात, वर्षभरात सलाइन लावायला शिकतात, रुग्ण त्यांना 'सिस्टर' म्हणू लागतात. पगार कमी, काम चोख, रुग्णालयाला सोयीचे. त्या मुलीला मात्र त्या हाकेचा मोह पडतो आणि राहिलेला विषय कायमचा राहतो. तिशी उलटल्यावर तिच्या हाती ना नोंदणी, ना निवृत्तिवेतन, ना दुसरीकडे जाण्याची सोय. रुग्णाच्या दृष्टीनेही हे धोक्याचेच आहे; वरची दोन गणिते तिला कोणी शिकवलेली नसतात.

अशी मुलगी कामावर ठेवताना "तुझा कोणता विषय राहिला?" हे पहिल्याच दिवशी विचारावे. परीक्षेचा अर्ज भरून घ्यावा, शुल्क आपण भरावे, संध्याकाळचे दोन तास मोकळे द्यावेत आणि परीक्षेआधी महिनाभर पगारी रजा द्यावी. एका मुलीमागे येणारा हा खर्च आपल्यापैकी कोणालाही जड नाही. आपल्यातील कोणी रविवारी सकाळी दोन तास रसायनशास्त्र आणि मात्रेची गणिते शिकवायला तयार असेल, तर त्यासाठी मोठी इमारत लागत नाही. दवाखान्याची प्रतीक्षा-खोली पुरते.

आणि पालकांना एवढेच सांगणे. गुणपत्रिकेवरचा एक आकडा मुलीला काय येत नाही हे सांगतो. तिला काय येणार नाही हे तो सांगू शकत नाही. कारण शोधा, बेरीज मांडा आणि तिला पुन्हा बसू द्या.